मराठीच्या अभ्यासाला मंडळीच्या कामात जागा द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी मंडळ्यांचे पाळक, धर्मग्रामांचे धर्मगुरू, पास्टरेट कमिट्यांचे सभासद आणि ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचे विश्वस्त यांस,

सप्रेम सलाम.

येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी अनेकांच्या वार्षिक सभा भरतील आणि पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडले जाईल. इमारतीची दुरुस्ती, ध्वनियंत्रणा, आरोग्य शिबिर, नाताळचा कार्यक्रम, गरजू कुटुंबांना मदत अशा रकमा एकेक करून मंजूर होतील. यांपैकी एकाही खर्चाला माझा आक्षेप नाही. माझे म्हणणे आहे ते त्या कागदावर जे येत नाही त्याविषयी. मराठीचे एक अगदी आरंभीचे छापील व्याकरण ज्या धर्मसेवकाच्या हातून झाले, मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी ज्या धर्मांतरित लेखकाने लिहिली आणि मराठी आत्मचरित्राचा विषय निघाला की ज्या बाईंचे नाव आजही आधी घेतले जाते, त्यांचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांच्या अंदाजपत्रकात पुस्तके, संशोधन, लेखन, चित्रकला यांच्यासाठी माझ्या पाहण्यात तरी एक ओळही नसते. वाचनालय म्हणून एक कपाट असते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे बहुधा ठाऊक नसते.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि ज्या मंडळीचा सभासद आहे तिच्यातील वडीलधारी माणसे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कामाला म्हणून नगर आणि जालना भागांतून इकडे आली. वर्गात मी ज्ञानेश्वरी शिकवतो आणि रविवारी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीते म्हणतो. या दोन गोष्टींत मला कधी विरोध जाणवला नाही. मात्र पहिल्या गोष्टीचा दुसरीशी काही संबंध असतो असे मंडळीत कोणी मानते, याची खूणही मला क्वचितच दिसली. शिकणे, लिहिणे, चित्र काढणे हे ज्याचे त्याचे पोटापाण्याचे किंवा हौसेचे काम समजले जाते. सुवार्तिकाचे काम सेवा ठरते, रुग्णांना भेटणाऱ्या भगिनींचे काम सेवा ठरते, परंतु जुन्या गीतांच्या वह्या घरोघर हिंडून गोळा करणाऱ्या मुलीला ‘हे करून पुढे काय’ असे विचारले जाते. हे पत्र त्या प्रश्नाविषयी आहे.

ख्रिस्तपुराणाचे, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथाचे, नाव आपल्याकडे अगदी कमी घेतले जाते असे नाही. मराठी भाषा गौरव दिन आला की ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी फलकावर लिहिली जाते, एक विद्यार्थी ती पाठ म्हणून दाखवतो आणि उरलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्या पुढच्या वर्षापर्यंत बंद राहतात. मला त्या एका ओवीपेक्षा तिच्यामागे गेलेली वर्षे महत्त्वाची वाटतात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट (येशूसंघाचे धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते, आणि त्यांचा हा ग्रंथ रायतूर येथे छापून झाला तो १६१६ मध्ये. मधला सगळा काळ ते गोव्यातील साष्टीच्या परिसरात धर्मगुरूचे रोजचे काम करत राहिले, तिथल्या लोकांची बोली शिकले, तिचे व्याकरण सिद्ध केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले, आणि ओवी या छंदावर अशी पकड मिळवली की संतकाव्यावर वाढलेल्या श्रोत्याला ते पुराण ऐकताना परके वाटू नये. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. ते घडून आले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीतच निघाला. तरीही १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापावा लागला, याचा अर्थ तो वाचला जात होता, ऐकला जात होता.

पाळकहो आणि धर्मगुरूहो, या हकिकतीत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. स्टीफन्स यांच्या वरिष्ठांनी त्यांना साडेतीन दशके एका भाषेत राहू दिले. दर वर्षाच्या शेवटी त्या अभ्यासाचे फळ मोजले असते तर ख्रिस्तपुराण लिहून झालेच नसते. त्या काळची चर्चची सत्ता आजच्या मानाने फार कठोर होती, ग्रंथ छापण्यापूर्वी तो धर्मन्यायालयाच्या परवानगीतून जावा लागे, आणि तशा व्यवस्थेतही एका माणसाला काव्यशास्त्रासाठी वेळ मिळाला. आपल्याकडे तसली कठोरता नाही, पण वेळही नाही.

याच ग्रंथाच्या आरंभी एक अवघड जागा आहे आणि ती आपण टाळू नये. पुराणातला एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रींना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही का देत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात देशी भाषांतील धार्मिक ग्रंथ नष्ट केले गेले, हा त्या प्रश्नामागचा इतिहास आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो तो एका पोकळीत उभा आहे, आणि ती पोकळी त्याच धर्मसत्तेने तयार केली होती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. त्या हुकमामागे काही धर्मसेवकांचाच आग्रह होता, आणि त्यानंतर मराठी ख्रिस्ती लेखनाचा तो पहिला ओघ आटला. एतियेन द ला क्रुआ यांच्यासारख्या फ्रेंच जेज्विटाने संत पीटरवर रचलेले मराठी पुराण १६२९ मध्ये छापले गेले होते. तसे काही घडण्याची शक्यताही पन्नास-साठ वर्षांत संपली. एका संस्थेने दिलेला वेळ आणि त्याच संस्थेच्या माणसांनी मागितलेला हुकूम या दोन्ही गोष्टी शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत घडल्या. ख्रिस्ती महाविद्यालयात हा इतिहास शिकवायचा तर दोन्ही बाजू शिकवाव्या लागतील. एवढे बळ आपल्या श्रद्धेत आहे असे मी धरून चालतो.

ठाण्याचा या इतिहासाशी असलेला संबंध आणखी जुना आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मसेवकांना मृत्युदंड झाला आणि त्यांचा सोबती जॉर्डानस याने ती वार्ता पत्रांतून युरोपला कळवली. पुढे याच जॉर्डानसने इकडच्या प्रदेशाचे, झाडाफळांचे, लोकरीतींचे वर्णन लिहून ठेवले. त्यानंतर लवकरच ओडोरिक हा प्रवासी इथे येऊन त्या चौघांच्या अस्थी घेऊन गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याविषयी लिहिले. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आवारातून रोज जाणाऱ्या किती मुलांना हे कुणी सांगितले आहे? पाठ्यपुस्तकात ते येणार नाही हे मान्य. पण संडे स्कूलच्या वर्गात यायला कोणाची परवानगी लागते?

एकोणिसाव्या शतकाचा तपशील आपणांस ठाऊक आहे, म्हणून त्यावरून झरझर जातो. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये निघाला, आणि या कामात वैजनाथशास्त्री त्यांच्यासोबत होते. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आला, तोही पंडितांच्या मोठ्या ताफ्यासह आणि कँडी बंधूंच्या साह्याने. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, आणि त्यात विधवांच्या हालअपेष्टांचा जो विषय आहे तो मराठी कथात्म गद्यात इतक्या थेटपणे त्याआधी आला नव्हता. या सगळ्यांत एक धागा मला महत्त्वाचा वाटतो : ही कामे एकट्या ख्रिस्ती माणसाने केलेली नाहीत. शास्त्री, पंडित, गावातले जाणकार यांच्यासोबत बसून, त्यांचे ऐकून, त्यांच्याशी वाद घालून ती झाली. आपल्या मंडळ्यांचे ठाण्यातील मराठी वाङ्मयीन संस्थांशी आज असे काही नाते आहे का? या शहरातील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे आणि त्याच्या स्थापनेत ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे होते. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिण्याची खटपट याच गावात झाली. तिथे ख्रिस्ती वाङ्मयाचा एक नीट लावलेला विभाग उभा राहावा म्हणून एखाद्या मंडळीने पुस्तके द्यावीत, सूची करण्यासाठी दोन तरुण पाठवावेत, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

नारायण वामन टिळकांविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे आपण उपदेशात वारंवार ऐकतो. परंतु त्या म्हणण्याची किंमत अशी की आजच्या मंडळीतल्या तरुणाने तुकारामांची गाथा उघडलेली असली पाहिजे, नाहीतर पूल कोणता आणि नदी कोणती हे त्याला कळणार कसे? टिळकांचे अभंग आपण गातो, पण अभंग या रचनेशी आपल्या मुलांची ओळख आपण करून देत नाही. त्यामुळे ती गीते त्यांना जुनी आणि संथ वाटतात, आणि मग पडद्यावर शब्द दाखवून परदेशी चालीवर बसवलेली हिंदी गाणी त्यांची जागा घेतात. मी त्या गाण्यांच्या विरोधात नाही. त्यांतली काही मला आवडतातही. पण ज्या मंडळीकडे ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह आहे, कृष्णराव सांगळ्यांपासून टिळकांपर्यंतची रचना आहे आणि नगरच्या बाजूला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे, तिच्या तरुण संघात एकालाही पेटीवर भजनाचा ठेका धरता येऊ नये हे बरे लक्षण नाही.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. संस्थेच्या चौकटीत त्यांच्यातल्या कवीचे आणि भक्ताचे पुरते भागले नाही. दोनच वर्षांनी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायांपर्यंतच आले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते आणि नवऱ्याकडून जसे जमेल तसे अक्षरे शिकावी लागली त्या बाईंनी महाकाव्य पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. म्हणून मी जेव्हा ‘अभ्यास’ म्हणतो तेव्हा पदव्या डोळ्यांसमोर ठेवून बोलत नाही. पंडिता रमाबाई मात्र विदुषी होत्या, आणि त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्याच हातून छापून बाहेर पडले. अनाथ आणि परित्यक्त स्त्रियांना सांभाळणाऱ्या संस्थेत छापखाना असावा, असे त्या बाईंना वाटले. आपल्या सेवाकार्याच्या यादीत छापखाना बसेल का, हे पाहून घ्यावे.

आता एक गोष्ट जरा स्पष्टपणे मांडतो. वर आलेल्या नावांपैकी पुष्कळजण शिकल्यासवरल्या, प्रतिष्ठित घरांतून आले होते. आपल्यातील बहुतेक कुटुंबे गावकुसाबाहेरून आलेली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना बायबल बायांनी ओसरीवर बसून गोष्टी सांगितल्या, जात्यावर येशूच्या ओव्या म्हटल्या गेल्या, डफ-तुणतुण्यावर उधळ्या पुत्राची कथा रात्र-रात्र रंगली. हे वाङ्मय छापले गेले नाही. ते म्हणणारी शेवटची पिढी आज कळव्यात, ऐरोलीत, घणसोलीत मुलांच्या दोन खोल्यांच्या घरांत राहते आहे आणि रविवारी मागच्या बाकावर बसते. त्यांच्याकडून ऐकून लिहून घेणे हे संशोधन आहे, आणि ते विद्यापीठ आपण होऊन करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण त्या आज्यांच्या घरात विद्यापीठाला प्रवेश नाही, मंडळीला आहे. पाळकांनी एकदा व्यासपीठावरून सांगितले की अमुक मुलगी तुमच्याकडे येईल, तिला गाणी सांगा, तर सगळी दारे उघडतात. त्या एका वाक्यासाठी पैसाही लागत नाही.

हेच ठाण्याच्या जुन्या गावठाणांतील आणि उत्तन-भाईंदरच्या किनाऱ्यावरील ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या कुटुंबांना लागू आहे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी हे नाव घेतले, पण त्यांच्या लग्नघरातली भाषा त्याआधीपासून मराठीचीच एक बोली आहे. उंबराच्या पाण्याच्या विधीला म्हटली जाणारी गाणी, नवरा-नवरीला आंघोळ घालतानाची गाणी, विहिणींना टोमणे मारणारी गाणी यांत अशी मराठी जपली गेली आहे जी माझ्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. आता लग्ने सभागृहांत होतात, ब्रास बँड असतो, जेवणाची पंगत जाऊन टेबले आली आहेत आणि गाणाऱ्या बायांना ‘दोनच म्हणा’ असे सांगितले जाते. धर्मगुरूंनी लग्नापूर्वीच्या वर्गात तरुण जोडप्यांना जे अनेक विषय शिकवले जातात त्यांत आपल्या आजीकडून ही गाणी ध्वनिमुद्रित करून घेण्याची सूचना घालावी. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेसाठी लोकभाषांचे दार उघडले. त्याचा अर्थ मिस्सेचे भाषांतर एवढाच घेऊन थांबायचे की लोकांच्या भाषेत जे आधीपासून प्रार्थनेसारखे गायले जाते तेही आत घ्यायचे, हे इथल्या धर्मग्रामांनी ठरवावे. शेजारच्या वसईने या दिशेने आपल्यापेक्षा बरेच अधिक काम केले आहे हे कबूल करायला हवे.

वसईचे नाव निघाले म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला भाषांतरासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते मुख्यतः मराठीचे इतर लेखक आणि वाचक. आपल्या मंडळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले, प्रार्थना केल्या, ते योग्यच झाले. पण त्यांची पुस्तके किती घरांत आली? दहा वर्षे मागे जा. २०१० चे संमेलन ठाण्यातच झाले आणि ते २५ डिसेंबरला सुरू झाले. त्या दिवशी आपण सारे चर्चमध्ये आणि घरात गुंतलेले. दोष संयोजकांना देण्यात मला रस नाही. आपले लेखक, आपले वाचक त्या वर्तुळात नेहमी दिसत असते, तर तारीख ठरवताना कोणाच्या तरी मनात आपोआप आले असते. बाहेरच्यांना आपली आठवण राहत नाही याचे एक कारण आपण तिथे जात नाही हे आहे.

दृश्यकलेच्या बाबतीत स्थिती अधिकच कोरडी आहे. नवी मुंबईत गेल्या काही दशकांत कितीतरी नवी चर्चे उभी राहिली, कारण ते शहरच नवे आहे, सिडकोने आखलेले. कोऱ्या भिंती मिळाल्या होत्या. त्यांवर काय आले? तयार साच्यांतून आलेल्या मूर्ती, छापील चित्रे, निळ्या डोळ्यांचा येशू. अँजेलो द फोन्सेका यांचे नाव या भिंती रंगवणाऱ्यांपैकी कोणी ऐकले होते का, मला शंका आहे. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईचे कलाशिक्षण अर्धवट सोडून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकला, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास यांनी त्याच्या कामाला आधार दिला, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने आयुष्यभर साडी नेसलेली मरिया आणि आपल्याकडच्या माणसांच्या चेहऱ्यांचा येशू रंगवला. त्याच्यावर टीका झाली ती मुख्यतः स्वधर्मीयांकडून. १९६७ मध्ये तो वारला आणि मराठी प्रदेशातील चर्चांना तो अजून नीट माहीत नाही. ख्रिस्ती घरांतील जी मुले आज कलामहाविद्यालयांत शिकत आहेत त्यांना चर्चकडून काम मिळते ते नाताळचा गोठा सजवण्याचे. एका भिंतीचे काम त्यांच्यावर सोपवून पाहा. चित्र फसले तर भिंत पुन्हा रंगवता येते.

इथपर्यंत वेळ आणि जागा मागितली. आता जी तिसरी गोष्ट मागतो ती देणे आपल्याला जास्त जड जाईल. लेखकाने किंवा अभ्यासकाने केलेले प्रत्येक काम ‘साक्ष’ झाले पाहिजे, त्याच्या शेवटी ख्रिस्ताचा महिमा शब्दांत उमटला पाहिजे, अशी अपेक्षा आपल्या मंडळ्यांमध्ये रुजली आहे. त्यामुळे आपल्या तरुणांनी लिहिलेली नाटके सारखीच संपतात : बिघडलेला मुलगा शेवटच्या प्रवेशात गुडघे टेकतो. कादंबरीतला पाळक खोटा निघाला, कवितेत शंका राहून गेली, प्रबंधात मिशनऱ्यांच्या लेखनातील कठोर भाषेवर बोट ठेवले, की ‘विश्वासात दुबळा झाला’ असा शेरा येतो. शास्त्राकडेच पाहू. ईयोब जवळजवळ शेवटपर्यंत प्रश्न विचारतो, विलापगीतांत तक्रार आहे, आणि काही स्तोत्रे सांत्वन न मिळता संपतात. हे सर्व आपण पवित्र म्हणून वाचतो आणि आपल्याच मुलीने तसे लिहिले की घाबरतो.

विद्यापीठातील अभ्यासाची अडचण दुसऱ्या बाजूने आहे. तिथे ख्रिस्ती विद्यार्थ्याने ख्रिस्ती वाङ्मयावर प्रबंध लिहायचे ठरवले की तो प्रचार करणार असे गृहीत धरले जाते. त्यावर उपाय एकच : काम इतके चोख असावे की हेतूची चर्चा मागे पडावी. मिशनरी जॉन विल्सन यांचे वाद वाचायचे तर त्यांना उत्तर देणाऱ्या शास्त्र्यांचेही लेखन वाचायचे, १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांशी घातलेला वाद त्यांच्या बाजूनेही समजून घ्यायचा. जस्टिन ॲबट या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसाने महिपतींची संतचरित्रे इंग्रजीत नेली, गी दलरी या फ्रेंच जेज्विटाने विठोबाच्या संप्रदायावर अभ्यासग्रंथ लिहिला. दुसऱ्याच्या भक्तीकडे इतक्या आदराने पाहण्याने त्यांची स्वतःची श्रद्धा उणी झाली, असे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या आजच्या विद्यार्थ्याने हरिपाठावर प्रबंध लिहिला तर मंडळीत त्याचा सत्कार व्हायला हवा.

शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना वेगळे सांगायचे आहे. ठाण्यातील आणि नवी मुंबईतील आपल्या बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यापासून तिथे मराठी शिकवली जाते. कायद्यासाठी जेवढे लागते तेवढे. त्या वर्गांना मराठीचे शिक्षक नेमताना आपण किती काळजी घेतो, त्यांना कायम करतो की दरवर्षी नवे आणतो, शाळेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांसाठी किती रक्कम ठेवतो, हे आपले आपणच पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर सर्व शाळांनी फलक लावले, आपणही लावले. महाविद्यालयांच्या बाबतीत एक नेमकी सूचना आहे : नव्या शैक्षणिक धोरणात महाविद्यालयांना छोटे श्रेयांकाचे अभ्यासक्रम सुचवण्याची जी मोकळीक आली आहे तिचा उपयोग करून ‘मराठी ख्रिस्ती वाङ्मय’ असा एक अभ्यासक्रम आखावा, तो सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना खुला असावा, आणि त्याची पहिली तुकडी दहाजणांची झाली तरी तो बंद करू नये. अशा अभ्यासक्रमासाठी पाया आहे. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकाने फादर स्टीफन्सपासून पुढच्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा आलेख आधीच मांडून ठेवला आहे.

पैशाचा प्रश्न येणार हे मी जाणतो. मी मागतो ती रक्कम ध्वनियंत्रणेच्या वार्षिक देखभालीहून अधिक नाही : एका विद्यार्थ्याला वर्षभराची छोटी शिष्यवृत्ती, एक बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक, आणि पुस्तकांचे कपाट उघडे ठेवण्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणाऱ्या माणसाचे मानधन. जुन्या मंडळ्यांकडे बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, सभांची इतिवृत्ते, हस्तलिखित गीतवह्या पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून घेण्याचे काम तरुण संघाच्या उन्हाळी शिबिरात होऊ शकते. कोणत्या नोंदी अभ्यासकांना दाखवायच्या आणि कोणत्या खासगी ठेवायच्या याचे नियम मात्र आधी लिहून काढावेत, नाहीतर पुढे कुटुंबांना त्रास होईल.

वार्षिक सभेपूर्वी हे पत्र आपापल्या कमिटीत वाचले जावे आणि हो किंवा नाही असे उत्तर यावे, एवढी विनंती आहे. दरम्यान, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ख्रिस्तपुराणाचे सलग वाचन सुरू करण्याची माझी आणि काही सहकारी अध्यापकांची तयारी आहे. त्यासाठी ठाणे स्थानकापासून चालत येता येईल अशी, वीस-पंचवीस माणसे बसतील एवढी एक खोली हवी. देवनागरी प्रती आम्ही आणू, अवघड शब्दांचे अर्थ आम्ही काढून ठेवू. वाचन पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वरापासून, म्हणजे पहिल्या अध्यायापासून सुरू होईल, आणि ज्यांना ओवी म्हणता येते त्यांनी ती म्हणावी अशी इच्छा आहे. ज्या मंडळीला खोली देता येईल तिने खोलीची वेळ आणि किल्ली कोणाकडे मिळेल ते कळवावे.

आपला नम्र,
मराठीचा एक अध्यापक आणि मंडळीचा सभासद,
ठाणे